शपथेवरचा अंदाज

संपादकांचं पत्र आलं. "दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या चार गमती लिहून पाठवा. सुमारे आठ पानं नक्की हवीत." आता सुमारे की नक्की, हे त्यांनी आधी ठरवावं आणि मग आम्हांला कळवावं. मी तसं उलट टपाली लिहिलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं की अण्णा, तुमची ही खोड काही जायची नाही, तेव्हा तिच्यावरच लिहा. म्हणून लिहायला बसलो आहे. गमती किती निघतील ते सांगता येत नाही, कारण ज्या गोष्टींना लोक गमती म्हणतात त्यांनी माझं डोकं फिरवण्यापलीकडे काही केलेलं नाही.

बेळगावच्या जिल्हा कोर्टात मी दुभाषी होतो. पहिल्या महायुद्धाच्या आधी लागलो आणि दुसरं संपल्यावर पेन्शनीत निघालो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे काम काय ते सांगायला हवं. आमच्याकडे खानापूरच्या बाजूचा साक्षीदार मराठीत बोलतो, गोकाककडचा कानडीत बोलतो, आणि निपाणी-सदलग्याकडचा एका भाषेत वाक्य सुरू करून दुसरीत संपवतो. जज्जसाहेब इंग्रज. ते इंग्रजीत विचारणार, मी साक्षीदाराला त्याच्या भाषेत विचारणार, तो सांगेल ते इंग्रजीत साहेबांना सांगणार आणि साहेब ते आपल्या हातानं लिहून घेणार. साक्ष संपली की साहेबांनी लिहिलेलं मी पुन्हा साक्षीदाराच्या भाषेत वाचून दाखवायचं. त्यानं "बरोबर" म्हटलं की सही, नाहीतर अंगठा. त्यानंतर माणूस काय बोलला हे कुणी विचारत नाही, कागदावर काय आहे ते बघतात.

दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नाही आणि काही गिळायचंही नाही. साक्षीदारानं शिवी दिली तर ती इंग्रजीत द्यायची. देताना साहेबांच्या तोंडाकडे बघितलं नाही तर चालतं, एवढीच काय ती सवलत.

इतक्या वर्षांत मला कुणी छळलं असेल तर ते अंदाजानं. खून, दरोडा, फसवणूक यांचं इंग्रजी सोपं असतं. अंदाजाचं करायचं म्हटलं की घाम फुटतो. आमच्या खेड्यातल्या माणसाजवळ घड्याळ नाही की टेप नाही. त्याची विहीर दोन पुरुष खोल असते, घर हाकेच्या अंतरावर असतं आणि भांडण एक चिलीम ओढून होईपर्यंत चालतं. संध्याकाळी दिवस कासराभर वर असतो. कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायची दोरी. ती मावळतीपासून सूर्यापर्यंत मनातल्या मनात ताणून बघायची आणि वेळ सांगायची. यात त्या माणसाचं काही चुकत नाही. तो आपल्या परीनं मोजूनच सांगत असतो.

माझा राग आहे तो आमच्या शिकलेल्या मंडळींवर. अंदाजाला इंग्रजीत "गेस" हा एकच शब्द आहे आणि तो कुठंही ठोकून द्यावा, अशी यांची ठाम समजूत. आमच्या गल्लीतल्या एका पेन्शनर मास्तरांच्या जावयानं लग्न झाल्या झाल्या पुण्याहून सासऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. सुरुवातच "आय गेस आय ॲम युअर सन-इन-लॉ" अशी. मास्तर पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "अण्णा, ह्येला अजून शंका हाय काय हो?" मी म्हटलं, शंका त्याला इंग्रजीची असायला हवी होती, ती तेवढी नाही.

एका ओव्हरसियरनं पुरानंतर वर रिपोर्ट पाठवला होता, "ॲट अ रफ एस्टिमेट, द ब्रिज हॅज फॉलन." तो खटल्यात पुरावा म्हणून आमच्याकडे आला. अरे बाबा, पूल पडला की उभा आहे हे बघायला डोळे पुरतात, त्याला एस्टिमेट कशाला? आणि निपाणीच्या एका वकिलांना "ॲप्रॉक्सिमेटली" या शब्दाचं वेड. "ॲप्रॉक्सिमेटली सदतीस माणसं जमली होती." सदतीस मोजली असतील तर सदतीस म्हणा. मोजली नसतील तर चाळीसभर म्हणा. मी हे त्यांना बाररूमच्या दारात सांगितलं, तर म्हणाले, "त्यानं वाक्याला वजन येतं हो." वजन येतं म्हणे.

आता सांगतोच आहे तर नीट सांगतो, म्हणजे निदान चार जणांचे अर्ज तरी सुधारतील. हाताशी काही नसताना मारलेला खडा म्हणजे गेस. लागला तर लागला. थोडं मोजून त्यावरून उरलेल्याचा हिशेब बांधला तर ते एस्टिमेट. तंबाखूचा व्यापारी चार पेंड्या उचलून बघतो आणि वखारीत माल किती ते सांगतो, ते एस्टिमेट. आपल्या रोजच्या सवयीच्या मापानं सांगितलं तर "बाय माय रेकनिंग". एखादी गोष्ट तशी असेल असं मनाशी धरून चाललो तर "आय सपोज". "आय डेअर से" यात धाडस वगैरे काही नसतं, आपण "असेल बुवा" म्हणून पुढं जातो तसलंच ते आहे. आणि "टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ" म्हणजे मला माहीत आहे, माझा विश्वास आहे, पण मीही माणूस आहे, चुकेन. ही चढण आहे. एका पायरीवरचा शब्द दुसऱ्या पायरीवर ठेवला तर माणूस पडतो. हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलो आणि लोक मला तऱ्हेवाईक म्हणत आले.

अंदाजाचा आणखी एक प्रकार आहे, त्याला इंग्रजीत पायरीच नाही. सदलग्याकडचा एक धनगर मेंढरं चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन आला होता. साहेबांनी विचारलं, कळपात मेंढरं किती? धनगर म्हणाला, "देवाची हायती." मी पुन्हा विचारलं. "हायती की पाच-पन्नास." पाच की पन्नास? "हायती." त्याला आकडा येत नव्हता असं नाही. जित्राब मोजून तोंडानं आकडा उच्चारला की त्याला दृष्ट लागते, म्हणून तो उच्चारणार नाही. साहेब चिडले, मीही चिडलो. शेवटी त्याला गेलेल्या मेंढरांची वर्णनं एकेक करून सांगायला लावली, आणि तो सांगत असताना साहेब कागदावर रेघा ओढत गेले. रेघा संपल्यावर मी त्याला आकडा ऐकवला. त्यानं कानांवर हात ठेवले आणि कोर्टात सगळ्यांच्या देखत थुंकला. त्याबद्दल त्याला ताकीद मिळाली, आणि ती त्याला समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला.

ही झाली हसण्यावारी नेण्याची गोष्ट. आता जी सांगणार आहे ती मला हसण्यावारी नेता आलेली नाही.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. बोरगावच्या पलीकडच्या एका खेड्यात एका माणसाचा गोठा जळाला. गोठ्याला लागून कडब्याची गंजी होती, तीही गेली. आत बांधलेला बैल होरपळून मेला. मालकाचं आणि मारुती नावाच्या शेजारच्या तरुणाचं पाण्याच्या पाटावरून आधीच वाजलेलं होतं. मालकाच्या चुलतभावानं सांगितलं की मारुतीला गोठ्याकडून पळताना पाहिलं. मारुतीला पकडून आणलं आणि जाळपोळीचा खटला सेशन्सला आला. शाबीत झालं तर सक्तमजुरी ठरलेली.

मारुतीच्या बाजूनं साक्षीदार एकच, त्याची आई. तिला गावात गौराक्का म्हणत. नवरा वारलेला, घरात ही दोघंच. सकाळी कोर्ट भरायच्या आधी ती व्हरांड्यात बसली होती आणि शेजारी बसलेल्या कुण्या बाईला सांगत होती. दुभाष्यानं साक्षीदाराशी बोलायचं नसतं, पण कान काही बंद करता येत नाहीत.

"दिवस कासराभर वर व्हता बघ. म्या चुलीम्होरं, त्यो माज्या म्होरं. दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली आन् भायेर बोंब उठली, आग लागली म्हनून. त्यो ताट सोडून पळाला, म्या तवा उतरला. ह्या डोळ्यांनी बगितलं. ह्यात काय सांगायचं हाय?"

बाई शुद्धीवर होती, बोलणं स्वच्छ होतं. मला बरं वाटलं. असल्या साक्षीचं इंग्रजी आपोआप होतं.

आधी चुलतभावाची साक्ष झाली. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "बरोबर पाच वाजून वीस मिनटांनी बघितलं." मारुतीचे वकील नवीन होते, पण मुलगा हुशार. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे घड्याळ आहे का? नाही. गावात कुणाकडे आहे? नाही. मग वीस मिनिटं कुठून आणलीत? "फौजदारसायबांनी तसं सांगितलं." लोक हसले. पण तो आपल्या म्हणण्यावरून तसूभर ढळला नाही. बघितलं म्हणजे बघितलं. त्याच्या साक्षीचं इंग्रजी करायला मला काही कष्ट पडले नाहीत. वाचून दाखवल्यावर त्यानं "बरोबर, बरोबर" म्हणून दोनदा मान हलवली आणि सही ठोकली.

मग गौराक्का पिंजऱ्यात आली. शिपायानं शपथ दिली. देवाला स्मरून खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. तिनं शपथेचा शब्दन् शब्द सावकाश म्हटला आणि पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. वकिलांनी विचारलं, आग लागली तेव्हा मारुती कुठं होता?

ती म्हणाली, "घरात असंल."

मी थांबलो. वकीलही थांबले. त्यांनी पुन्हा विचारलं, असेल म्हणजे? तुम्ही पाहिलंत ना?

"बगितलं असंल."

"तो काय करत होता?"

"जेवत असंल. भाकरी वाडली असंल म्या."

दिवस किती वर होता? "कासराभर असंल." साहेब जिल्ह्यात नवे होते. मी "बाय अ कंट्रीमॅन्स रेकनिंग" म्हणून मावळतीआधी तासाभराची वेळ सांगितली. साहेबांनी कुतूहलानं विचारलं, ही दोरी लांब किती असते? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "कुनाच्या बैलाची?" पुन्हा सगळे हसले, साहेबही हसले. मारुती आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, तो तेवढा हसला नाही.

सरकारी वकील उठले. "युअर ऑनर, द विटनेस इज ओन्ली गेसिंग." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बाई गेस करते आहे काय?

मला जे माहीत होतं ते साहेबांना माहीत असायचं कारण नव्हतं. आमच्या भागात खरा माणूस शपथ घेतली की मागं सरतो. बाहेर तो छातीठोक बोलतो, पण देवाचं नाव घेतलं की प्रत्येक वाक्याला "असंल"चं कुंपण घालतो. शपथेवर ठासून बोलायचं आणि त्यात केसाएवढी जरी चूक निघाली तरी देव घर बघतो, अशी त्याची धास्ती. खोटं बोलणाऱ्याला ही धास्ती नसते, म्हणून तो पाच वाजून वीस मिनिटं सांगून मोकळा होतो. कित्येक साक्षींत मी हे बघितलेलं. जेवढा माणूस खरा तेवढी त्याची साक्ष पातळ. आणि ती पातळ साक्ष मी इंग्रजीत ओतायची, असल्या कोर्टात की जिथं पातळ म्हणजे खोटं.

मी म्हटलं, "नॉट गेसिंग, सर."

"मग काय?"

"टू द बेस्ट ऑफ हर नॉलेज अँड बिलीफ."

सरकारी वकील म्हणाले, ही तर ॲफिडेव्हिटची भाषा झाली. मी म्हटलं, होय, ॲफिडेव्हिट करणारा जे कुंपण घालतो तेच ही बाई घालते आहे. तिच्या बोलीत त्याला दुसरा शब्द नाही. साहेब माणूस न्यायी होते. दुभाष्यानं इतकं बोलणं रीतीला सोडून होतं, पण ते रागावले नाहीत. जरा विचार करून त्यांनी माझे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. सरकारी वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "बाई, तुला खात्री आहे का?" ती म्हणाली, "खात्री देवाला. आपुन कोन खात्री करनार?" तेही मी जसंच्या तसं सांगितलं आणि साहेबांनी लिहिलं.

योग्य जागी योग्य शब्द बसला की सुताराला सांधा बसल्यावर वाटतं तसं मला वाटतं. त्या दिवशी वाटलं. तरुण वकिलांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पोरगा सुटतो असं आम्हां दोघांनाही वाटलं असावं.

मग वाचून दाखवायची वेळ आली. मी कागद घेतला आणि तिला मराठीत वाचून दाखवायला लागलो. "माझ्या माहितीप्रमाणं आणि विश्वासाप्रमाणं मारुती त्या वेळी घरात होता."

"न्हाय," ती म्हणाली.

"काय नाही, आक्का?"

"म्या एवडं न्हाय बोल्ले. घरात असंल म्हनलं. व्हता म्हनलं न्हाय."

"तोच अर्थ आहे, आक्का."

"अर्थ तुमी बगा. म्या बोल्ले तेवडंच लिवा. असंल."

साहेबांनी विचारलं, ती काय म्हणते? सांगणं भाग होतं. पदरचं घालायचं नाही आणि गिळायचं नाही. मी सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या माणसाला उगीच बोलू दिलं. मग त्यांनी त्या ओळीवर काट मारली. "तर मग तिचा शब्द काय?"

मी म्हटलं, "इट मे बी सो, सर."

त्यांनी तसं लिहिलं. मी पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी ती म्हणाली, "व्हय, आता बराबर," आणि शाईत अंगठा बुडवून तिनं तो नीट दाबून उठवला. पिंजऱ्यातून उतरताना तिच्या तोंडावर समाधान होतं. मला ते बघवलं नाही. माझ्या हातात असतं तर तिला धरून पुन्हा पिंजऱ्यात उभी केली असती.

निकाल लागला त्या दिवशी साहेबांनी इंग्रजीत वाचला आणि मी मराठीत मारुतीला सांगत गेलो. चुलतभावाच्या साक्षीत वेळेबद्दल गोंधळ आहे, पण आरोपीला पाहिल्याबद्दल तो ठाम आहे. आरोपीच्या वतीनं फक्त त्याच्या आईची साक्ष. आपल्या मुलाला वाचवण्यासाठी आई काय करणार नाही? तरीही तिला, प्रत्यक्ष आईला, मुलगा घरात होता असं म्हणवलं नाही. तो घरात असेल, एवढाच तिचा अंदाज. इथं साहेबांनी "गेस" हाच शब्द वापरला होता. मी तो कुठंच लिहू दिला नव्हता, पण निकालात तो आला. दोन वर्षं सक्तमजुरी.

मारुती म्हणाला, "सायेब, आईला तसं नगा म्हनू. शपथ घातली की ती तसंच बोलती."

साहेबांनी विचारलं, आरोपी काय म्हणतो? मी सांगितलं. हे आधी सांगायला हवं होतं, ते म्हणाले. आता निकाल झाला. आरोपीला घेऊन जा.

मी बाहेर आलो तर गौराक्का व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली. मागं बसून तिनं सगळं ऐकलं होतं. रडत नव्हती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. तिनं मला हाक मारली.

"अण्णा, हिंडलग्याचा तुरुंग किती लांब हाय?"

"असेल कोस-दीड कोस. अंदाजे."

"अंदाजे नगं, अण्णा. नीट सांगा. त्येला भाकरी द्याच्या हायत्या, दिवस मावळायच्या आत पोचाय पायजे."

तेव्हा माझा तोल गेला. नोकरीत मी कुठल्याही साक्षीदाराला असं बोललो नव्हतो. मी म्हटलं, "आत्ता नीट हवंय? आत विचारलं तेव्हा नीट का नाही सांगितलंत? व्हरांड्यात सांगत होतात ना, दुसरी भाकरी ताटात टाकली, तवा उतरला, ह्या डोळ्यांनी बघितलं म्हणून? मी तुमच्यासाठी साहेबांशी भांडलो. कागदावर चांगलं लिहून घेतलं होतं, ते तुम्ही तुमच्या तोंडानं खोडायला लावलंत. आक्का, तुमच्या एका शब्दानं पोरगा आत गेला, कळतंय का तुम्हांला?"

लोक वळून बघायला लागले. तिनं मला बोलू दिलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि माझी समजूत काढावी तशी सांगायला लागली.

"अण्णा, ह्येच्या बापानं येकदा शपथंवर ठासून सांगितलं व्हतं. बांधाचा कज्जा व्हता, तालुक्याच्या कोर्टात. लबाड न्हाय बोल्ला त्यो. बांद हितंच व्हता म्हनला, म्या बगितलाय म्हनला. मागनं मोजनीदार आला तर हातभर फरक निगाला. हातभर, अण्णा. त्या साली पटकी आली, माजी दोन लेकरं उचलून न्हेली. थोरला आन् मदली. ह्यो तेवडा ऱ्हायला."

तिनं फडक्याची गाठ आवळली.

"तुमी म्हंता, व्हता म्हनायचं. आन् दुसरी भाकरी नसंल, तिसरी असंल तर? दिवस कासराभर नसंल, थोडा खाली असंल तर? देव काय तुमच्या सायबावानी इचारत बसतोय व्हय? तुरुंगातनं मानूस परत येतोय, अण्णा. दोन वर्सांनी का हुईना, येतोय. शपथंत गेलेली माजी दोगं आली न्हाईत."

एवढं बोलून ती उठली, भाकरीचं फडकं काखेत धरलं, आणि तुरुंग नेमका किती लांब आहे ते मला पुन्हा विचारलं.